शब्दचर्चा : कंटेनर आणि गोदी

प्रश्न : ‘भरधाव कंटेनरची दुचाकीला धडक’ अशी बातमी वाचून लेकीने विचारलं, पेटी धावते कशी? हा वापर चुकीचा आहे का? आणि ‘कंटेनर’ला चांगला मराठी शब्द कोणता?

उत्तर : चुकीचा नाही. पेटी आणि ती वाहणारी गाडी, दोन्ही अर्थ मराठीत रुळलेत. घाटात कंटेनर बंद पडला म्हटलं की गाडीच समजायची. पण हा शब्द ज्या धंद्यातून आला, तिथे पेटी गाडीपासून सुटी होणं हीच मोठी गोष्ट होती. माल्कम मॅक्लीन हा अमेरिकेतला ट्रकवाला. त्याने ट्रकची पेटी चाकांवरून उचलून थेट जहाजावर ठेवली. २६ एप्रिल १९५६ला ‘आयडियल एक्स’ हे जहाज अशा ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. त्याआधी पोती, पिंपं, गाठी माणसं एकेक करून चढवत-उतरवत आणि जहाज दिवसेंदिवस धक्क्याला लागून राही. आता पेटी न उघडताच जहाजावरून रेल्वेवर, तिथून ट्रेलरवर जाते.

‘मालपेटी’ कळतो, पण बोलण्यात नाही. नुसतं ‘पेटी’ म्हटलं तर आंब्याची नाहीतर भजनातली आठवते. ‘डबा’ रेल्वेने घेतलाय. कंटेनरच राहू द्या. गाडी असो वा पेटी, पुल्लिंगी.

आणखी एक उत्तर : याच्या जोडीला ‘गोदी’ची नोंद घ्यायला हवी. शिवडीच्या आमच्या चाळीत ‘वडील काय करतात?’ याला ‘गोदीत आहेत’ एवढं उत्तर पुरायचं. माल कुठला, हुद्दा कोणता, कोणी विचारत नसे. गोदी, टोळी, मुकादम, पोती ओढायचा आकडा हे शब्द घरात रोजचे होते. १९८९ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनर तिकडे वळले. उरणकडचे माझे नातेवाईक ‘पोर्टला’ किंवा ‘यार्डात’ कामाला जातात. त्यांच्या तोंडी गोदी मी कधी ऐकली नाही. पेटीत माल भरायला ते ‘स्टफिंग’ म्हणतात.

मुंबईत तर कंटेनर ठेवायला जागा हवी म्हणून प्रिन्सेस (१८८०) आणि व्हिक्टोरिया (१८८८) या दोन गोद्या भराव टाकून बुजवल्या. शब्दकोशात ‘गोदी’ खाली फक्त ‘जहाजे थांबण्याची जागा’ एवढंच देऊ नका. ‘गोदीत असणे : गोदी कामगार असणे’ हेही द्या.