पैनगंगेच्या पट्ट्यात जमीन गुरगुरते अन् हालते, हे बोअरमुळं का खाली फॉल्ट आहे?

पैनगंगाकाठ:
राजेहो, मी उमरखेड तालुक्यातला. २०२४ च्या १० जुलैले सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोलीकडचा ४.५ चा झटका आला होता, आठवत असन. मी गोठ्यात धार काढून राह्यलो होतो. आधी खालून घुर्रर्र आवाज, म्हैस दावं ताणून उभी, अन् मंग वरचे टीन खडखडले. त्याच्या आधी मार्चात २१ तारखेले लागोपाठ दोन झाले होते, ४.५ अन् ३.६. तेव्हापासून जरा काही वाजलं का आमचे लोकं पोरंसोरं घेऊन अंगणात. पारावर सगळेच तज्ज्ञ. कोणी म्हणते बोअर मारमारून जमीन पोकळ केली, कोणी म्हणते ईसापूर धरणाचं वजन, कोणी म्हणते उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडते त्या पार खालवर गेल्या. शाळेत तर शिकवलं होतं का दख्खनचं पठार भक्कम आहे, इथं भूकंप होत नाही. मंग १९९३ ले लातूरकडं किल्लारीले एवढा भूकंप झाला तो काय होता? कोणी नीट सांगन का?

बोअरवाला_दिग्रस:
भेगांचं तं सोडूनच द्या भाऊ. काळी माती पाणी पिली का फुगते, वाळली का आकसते, म्हणून फाटते. चारदोन हात खाली मुरूम लागला का भेग खतम, पहिल्या पावसात बुजून जाते. बोअरचं म्हणाल तं आपण तीनशे फूट गेलो, लय झालं तं सहाशे. म्हणजे दोनशे मीटरच्या आतबाहेर. अन् भूकंप होते किलोमीटरच्या हिशोबानं खाली. आमच्या मशिनीले उगाच बदनाम करू नका, पाणी नाही लागलं तरी शिव्या आम्हीच खातो.

गाविलगडकर:
मी भूशास्त्र शिकलो आहे, घर अचलपूरचं, म्हणून जरा लांबण लावतो.

आपला काळा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरून झालेला थर. तो वरून कितीही भक्कम दिसला तरी त्याच्या खाली अब्जावधी वर्षं जुना दगड आहे अन् त्याच्यात जुने फॉल्ट आहेत, म्हणजे दगड तुटून दोन बाजू सरकल्या त्या भेगा, ते लाव्हानं झाकले गेले म्हणून वरून दिसत नाहीत. किल्लारीला भूकंपानंतर बोअर घेतलं तेव्हा काळ्या दगडाची जाडी ३३८ मीटर निघाली, त्याखाली जुना दगड. म्हणजे वरचं झाकण भूकंपाच्या मानानं पातळच. आता आख्खा भारत वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतोय अन् हिमालयाला रेटतोय, तो दाब मागं आपल्यापर्यंत येतो. जुना सदरा शिवणीवरच उसवतो, तसा हा दाब नवा दगड फोडत नाही, जुन्या फॉल्टवर सुटतो. फक्त इथं तो साचायला फार वेळ लागतो, शेकडो-हजारो वर्षं काही होत नाही, म्हणून पुस्तकात 'स्थिर' लिहून मोकळे झाले.

विदर्भात डोळ्यानं दिसणारा फॉल्ट पाहायचा तर परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे बघा. सपाट पूर्णेचं खोरं संपतं अन् डोंगर एकदम भिंत घालून उभा राहतो, तो गाविलगड फॉल्ट. उत्तरेचा भाग वर राहिला, दक्षिणेचा खाली गेला, त्या खड्ड्यात शेकडो मीटर गाळ भरला. आपला खारपाण, म्हणजे खाऱ्या पाण्याचा, पट्टा त्याच गाळावर आहे. हा सगळा नर्मदा-तापीच्या मोठ्या भेगाळ पट्ट्याचा भाग. त्याच पट्ट्यात १९३८ ला सातपुड्यात मोठा भूकंप झाला, २२ मे १९९७ ला जबलपूरला ५.८ चा झाला, तो तर सुमारे ३५ किलोमीटर खोल होता. गडचिरोली-चंद्रपूरकडची गोष्ट वेगळी, तिकडे गोदावरीची खचदरी. ४ डिसेंबर २०२४ ला तेलंगणात मुलुगूला ५.३ चा झाला तो नागपूरपर्यंत जाणवला.

आवाजाचं म्हणाल तर घाबरू नका. पहिली लाट येते ती दाबाची, जमिनीतून निघून हवेत शिरली की कानाला आवाज म्हणून कळते. भूकंप उथळ असला की लहानसाही ऐकू येतो, काही वेळा तर हलल्याचं कळतही नाही, नुसती गुरगुर. हलवणारी लाट मागून येते, म्हणूनच तुमची म्हैस टिनाच्या आधी उठली. अन् बातमीत खोली '१० किमी' दिसली तर ती तंतोतंत समजू नका, यंत्रं लांब असली की खोली नीट निघत नाही म्हणून तो आकडा पुष्कळदा धरून चालतात.

काळीमाती:
गाविलगडकर सर, धरणाचं उत्तर राह्यलं. आणि बोअरवाल्या भाऊंनी पाणीउपशाला एकदमच क्लीन चिट दिली, तसं नाही. स्पेनमध्ये लोर्काला २०११ मध्ये ५.१ चा भूकंप झाला, ९ माणसं गेली, त्यात उपशाचा हात असल्याचं तिथल्या अभ्यासात निघालं.

गाविलगडकर:
बरोबर, पण तिथं पन्नासेक वर्षांत पाणी अडीचशे मीटर खाली गेलं होतं, अन् फॉल्टवर आधीच दाब होता, उपशानं फक्त निमित्त दिलं. आपल्या काळ्या दगडात पाणी तुकड्या-तुकड्यात असतं, एवढं सलग उतरत नाही. धरणानं होतं, कोयना त्याचं जगभर दिलं जाणारं उदाहरण: पाणी १९६२ ला साठायला लागलं, ११ डिसेंबर १९६७ ला मोठा भूकंप. पण तिथं धक्के धरणाच्या जवळच्याच पट्ट्यात एकवटलेत आणि पाण्याच्या चढउतारासोबत कमीजास्त होतात. ईसापूरवर आरोप करायचा तर हे दोन्ही जुळवून दाखवावं लागेल, नुसतं धरण शेजारी आहे एवढ्यानं भागत नाही.

पैनगंगाकाठ:
समजलं सर. म्हणजे फॉल्ट आहे अन् तो आपल्या हातात नाही. आता खरं दुखणं सांगतो, आमचं जुनं घर मातीचं, वरून धाबं, अन् बाजूले घरकुल मंजूर झालं आहे, पाया खोदून झाला. त्याच्यात काय करू?

साईटवरचा:
आधी जुन्या घराचं. किल्लारीला विसर्जनाच्या रात्री, पहाटे ३:५६ ला झाला, जवळपास दहा हजार माणसं गेली ती जमीन फाटून नाही, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती अन् वरचं मातीचं माळवद अंगावर आलं म्हणून. धाब्यावर दरवर्षी नवीन माती टाकता ना, ते वजन पावसाळ्याआधी कमी करा, जुनी खरवडून काढा. झोपायची खाट भिंतीपासून सरकवा.

घरकुलात मिस्तरीला सांगा, प्लिंथला (जोत्याला) सळई-काँक्रीटचा पट्टा अन् दार-खिडकीच्या वर लिंटलला तसाच पट्टा, चारही भिंतींवरून सलग, कुठं तुटला नाही पाहिजे. तो म्हणन दारावरच टाकतो, बाकी काय गरज, ऐकू नका. कोपऱ्यात सळई वाकवून दुसऱ्या भिंतीत नेलेली पाहिजे, तिथंच हे लोक कापून मोकळे होतात. खिडकी अगदी कोपऱ्याला लागून काढू नका, दोनेक फूट भिंत सोडा. खर्च थोडा वाढतो, पण एखादं सामान नंतर घेता येते. काँक्रीट टाकायच्या आधी सळईचा फोटो इथं टाका, पाहून सांगतो.