शंखजिऱ्याचा कारखाना नागपुरात काऊन नाही?

हिंगणा रोडवाला
परवा गेट बनवायला वेल्डरकडे गेलो होतो. तो अँगलवर पांढऱ्या कांडीने खुणा करत होता. मी म्हटलं खडू का रे, तर म्हणे खडू जळून जाते साहेब, हे शंखजिरं होय, गॅसकटर फिरवला तरी रेघ दिसते. कुठून आणतो विचारलं तर म्हणे राजस्थान. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळून राहिला.

बघा ना, आयबीएमचं (इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, कॉम्प्युटरवाली नव्हे) मुख्यालय सिव्हिल लाइन्सला, जीएसआय म्हणजे भूवैज्ञानिक सर्वेक्षणवाले सेमिनरी हिल्सला, मँगनीज काढणाऱ्या मॉइलचं हेड ऑफिस इथे, राज्याच्या खनिकर्म संचालनालयाचं मुख्यालय इथे, व्हीएनआयटी कॉलेजात मायनिंगची डिग्री. आयबीएमची मिनरल प्रोसेसिंगची लॅब अन् पायलट प्लांट तर हिंगण्यातच, माझ्या घरून स्कूटरने जाता येते. दगड कसा शुद्ध करायचा हे सांगणारे सगळे नागपुरात आणि दळतं कोण तर उदयपूर! शंखजिरं म्हणजेच टाल्क, ते फक्त घामोळ्याची पावडर नाही, पेंटमध्ये, रबरात, औषधाच्या गोळीत, गाडीच्या डॅशबोर्डच्या प्लास्टिकमध्ये, कीटकनाशकाच्या भुकटीत, सगळीकडे तेच. भारत जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे, तरी बारीक ग्रेडचा पैसा वेगळेच लोक कमावतात. लम्प (न दळलेला दगड) मागवा, इथल्या बुटीबोरी एमआयडीसीत दळा, चारही दिशांना रेल्वे आहे. माझं म्हणणं चुकत असेल तर सांगा, पण नुसतं 'विदर्भात काही होत नाही' असं रडगाणं नको.

भाडं किती
रडगाणं नाही भाऊ, हिशोब सांगतो. स्वस्त माल भाड्यातच मरते. दळल्याने वजन काही कमी होत नाही, उलट लम्प आणला तर त्याच्या पोटातला डोलोमाइटचा नको असलेला दगडही तुम्ही भाडं भरून आणाल अन् इथे निवडून फेकाल. म्हणून मिल खाणीच्या बाजूला असते. रेल्वे चारही दिशांना जाते हे संत्र्याच्या बाबतीतही ऐकतो मी लहानपणापासून.

हिंगणा रोडवाला
मग चीन काय करते? आणि आपल्या भंडाऱ्यात पायरोफिलाइट आहे ना, तिथेच पवनीकडे क्रोमाइटवाला (क्रोमियमच्या खनिजाचा) खडक आहे, जबलपूरकडे भेडाघाटला तर शंखजिऱ्याच्या मूर्ती विकतात, आपण सगळे एक एक गणपती घेऊन आलोय.

जुना हातोडा
मूर्ती कोरता येते म्हणून पावडर विकता येते असं नाही. नोकरी सगळी फील्डवर गेली माझी, म्हणून जरा लांबलचक लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

आधी एक, पायरोफिलाइट हाताला तसंच गुळगुळीत लागतं पण ते टाल्क नव्हे. त्यात मॅग्नेशियमच्या जागी ॲल्युमिनियम असतं. सिरॅमिक, रिफ्रॅक्टरीवाले (भट्टीच्या विटांवाले) घेतात, पण दोन्ही एका पोत्यात भरू नका.

दुसरं, टाल्कची जन्मकुंडली पाहावी लागते. एक तयार होतं डोलोमाइट किंवा मॅग्नेसाइटसारख्या कार्बोनेट खडकात, उत्तराखंडातल्या बागेश्वर-अल्मोड्याचं तसलं, पांढरं, लोह कमी. दुसरं सर्पेंटाइनसारख्या खडकातून, उदयपूरजवळ रिखबदेवकडे जो हिरवा 'मार्बल' निघतो तो खरं तर सर्पेंटाइनच. त्या कुटुंबात लोह जास्त, रंग मळका, आणि फुप्फुसाला घातक ॲस्बेस्टॉस शेजारी नांदत असण्याची शक्यता. पवनीचा खडक याच दुसऱ्या घरातला. तिथे टाल्क सापडलं तरी तुमच्या डोक्यातली पांढरीशुभ्र पावडर त्यातून सहज निघेल असं समजू नका.

आणि दळणं म्हणजे पिठाची चक्की नव्हे. खाणीवर बायामाणसं हाताने रंगावरून दगड निवडतात, मग दगड फोडायचा जॉ क्रशर, मग दळायची रेमंड मिल, तिथे दोनशे-तीनशे मेशचा (चाळणीचा नंबर, जितका मोठा तितका माल बारीक) माल निघतो. रबर अन् कीटकनाशकाला तो चालतो. प्लास्टिक, चांगला पेंट म्हटलं की दहा मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या) खाली जावं लागतं, बारीक-जाड वेगळं करणारा क्लासिफायर लागतो, विजेचं बिल डोळे पांढरे करतं, आणि तरीही टाल्कची पत्री, म्हणजे पातळ पापुद्रे, मोडता कामा नये. टाल्कची सगळी किंमत त्या पत्रीत आहे, प्लास्टिकला ताठपणा तीच देते. जास्त कुटली की नुसती पांढरी धूळ. लोह काढायला मॅग्नेट, डोलोमाइट काढायला फ्लोटेशन. फ्लोटेशनला टाल्क फार सोयीचं, त्याला पाणी आवडतच नाही, फेसाबरोबर आपणहून वर येतं. पण वर आलेलं वाळवायचा खर्च कोणाचा?

पेपरवाला चंद्रपूर
सरांनी बरोबर लिहिलं. मी कागदाच्या लाइनीतला आहे म्हणून एक गोष्ट टाकतो. आपल्याकडच्या कागद मिला फिलर (कागदातली भर) म्हणून वर्षानुवर्षं सोपस्टोन म्हणजे टाल्कच घालायच्या, कारण रोझिन-तुरटीचं साइझिंग (कागदात शाई पसरू नये म्हणून करतात ते) आम्लधर्मी, त्यात कॅल्शियम कार्बोनेट टाकलं की विरघळून फेस होतो. मग अल्कलाइन साइझिंग आलं अन् टाल्कच्या जागी कार्बोनेट घुसलं, स्वस्त पण आणि पांढरंही जास्त. एवढं मोठं गिऱ्हाईक असं गेलं की कोणाला पत्ताही लागला नाही. तुम्ही कारखाना टाकाल तेव्हा दुसरं कोणतं गिऱ्हाईक जाईल सांगता येते का?

हिंगणा रोडवाला
गेलं तसं आलं पण ना भाऊ. २०२० च्या एप्रिलपासून बीएस सिक्स (गाड्यांच्या धुराचे नियम) आलं, गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाळीदार सिरॅमिक असते ती कॉर्डिएराइटची, अन् कॉर्डिएराइट बनते टाल्क, केओलिन (चिनी माती) आणि ॲल्युमिनापासून. जुना हातोडा सर, तुमची पोस्ट तीनदा वाचली. पण तुम्ही सांगितलेली प्रत्येक अडचण ही तंत्राची आहे, दगडाची नाही, अन् तंत्राची माणसं आपल्याकडे आहेत हेच तर मी म्हणतोय!

मृण्मयी धरमपेठ
माणसं आहेत म्हणता, ती माणसं श्वास घेतात हे कोणी लिहिणार आहे का? माझे मामा दगड दळायच्या एका युनिटमध्ये होते (नाव लिहीत नाही), तोंडाला दुपट्टा बांधून. साठीच्या आत दोन पायऱ्या चढले की बसायचे. डॉक्टर दमा म्हणत राहिले.

बागेश्वरला खडिया म्हणतात त्याला, तिथल्या कांडा भागात घरांना भेगा पडल्या, जानेवारी २०२५ मध्ये उत्तराखंड हायकोर्टाने जिल्ह्यातलं खाणकाम थांबवलं. हिंगणा रोडवाला दादा, तुमचा पांढराशुभ्र लम्प तिकडूनच येणार ना? २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कर्करोग संस्थेने टाल्कला बहुधा कर्करोगकारक या गटात टाकलं. जॉन्सनने टाल्कची बेबी पावडर २०२३ मध्ये जगभर बंद केली, मक्याच्या स्टार्चवर गेले. आणि आपण इथे बुटीबोरीत नवीन मिल टाकायच्या गप्पा मारतोय.

भाडं किती
हा मुद्दा माझ्यापेक्षा भारी आहे.

जुना हातोडा
मृण्मयीताई, मामांचं वाचून वाईट वाटलं. सोबतच्या क्वार्ट्झची (गारगोटीची) धूळ टाल्कपेक्षा जास्त मारते आणि ती मोजायची तसदी लहान युनिट घेत नाही. सुक्या मिलवर धूळ पकडणारा बॅग फिल्टर नसेल तर मिल चालूच नये, यात माझं दुमत नाही. पण मिल आज नाही असं थोडीच आहे, ती दुसऱ्या गावात आहे एवढंच, तिथेही कोणाचा तरी मामा आहे.

खरी गोची आणखी एक. १० फेब्रुवारी २०१५ ला केंद्राने ३१ खनिजं गौण ठरवली, त्यात टाल्क-सोपस्टोनही गेलं. तोवर खाणीचे रिटर्न (उत्पादनाचे अहवाल) आयबीएमकडे यायचे, नंतर कारभार राज्यांकडे गेला. हिंगणा रोडवाले म्हणतात तज्ज्ञ नागपुरात, पण त्यांच्या टेबलावर हे खनिज पूर्वीसारखं येतच नाही.

पेपरवाला चंद्रपूर
म्हणजे डॉक्टर गावात अन् पेशंटची फाइल तालुक्याला.

हिंगणा रोडवाला
ताई, मामांबद्दल माहीत नव्हतं. कारखान्याचं मी अजून सोडलं नाही, पण उत्तराखंडचा लम्प आणायचं सोडलं, जबलपूर बाजूचाच बघतो. वेल्डरकडून कांडीचा तुकडा आणलाय, भेडाघाटच्या गणपतीची मागची कड पण फोडली, बायको दोन दिवस बोलत नाहीये. सर, ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे पाहायला एक्सआरडी (एक्स-रेने खनिज ओळखायची चाचणी) पुरेल का मायक्रोस्कोप लागतोच?

जुना हातोडा
एक्सआरडीत अगदी थोडं असलं तर निसटतं. दोन्ही करा. आणि मूर्तीचा तुकडा म्हणजे खाणीचा नमुना नव्हे, खाणीवर जाऊन चार ठिकाणचा दगड आणा, प्रत्येकाची वेगळी पिशवी, वर जागा लिहून.

मृण्मयी धरमपेठ
जाताना मास्क घेऊन जा. दुपट्टा नको.