घोडा अडखळतोय म्हणून लगेच बॉक्स घेऊ नका

परभणीकर:
काल इथं एकानं लिहिलं, "घरचे व्हिडिओ टीव्हीवर अटकत असतील तर टीव्हीला खोचायची स्टिक फेका, व्हिडिओ चालवायचा भारी बॉक्स घ्या, विषय संपला." कसा संपला? लोक हप्त्यावर बॉक्स आणायलेत अन् वरातीतला घोडा तिथंच अडखळायलाय. आपल्याकडं लग्नाची शूटिंग बहुतेक सेकंदाला २५ फ्रेमची. टीव्ही चालतो ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र दाखवतो. २५ नं ६० ला पूर्ण भाग जात नाही, म्हणून काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा. कॅमेरा मांडवात या टोकापासून त्या टोकाला फिरला की धक्के बसतात ते यामुळं. टीव्ही ५० वर आणा, प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा येईल. कोडी या व्हिडिओ चालवायच्या ॲपमध्ये हा वेग, म्हणजे रिफ्रेश रेट, व्हिडिओशी जुळवायचं सेटिंग आहे, ते मुळात बंद असतं. ज्या यंत्राला हे जमतं ते घ्या, किंमत नंतर बघा.

लातूरवाला:
ती पोस्ट माझीच. उगं नाही लिहिली. पोरगं मोबाईलवर ४के, ६० फ्रेमनं काढतंय, मिनिटाला ४०० एमबी. आमचा वाडा जुना, भिंती दोन हात जाड, राउटर ओसरीत अन् टीव्ही माजघरात. वायफायचं ५ गिगाहर्ट्झ भिंतीतच मरतं, २.४ वर सगळ्या गल्लीची गर्दी. बॉक्सला राउटरपासून लॅनची वायर लावली, तेव्हापासून एकदा बी अटकलं नाही.

परभणीकर:
मग काम वायरीनं केलं, बॉक्सनं कामून म्हणायलाव? मिनिटाला ४०० एमबी म्हणजे सेकंदाला ५३ मेगाबिट. १०० मेगाबिटचं साधं लॅन पुरतं, अन् स्टिकला बी लॅनचा अडॅप्टर मिळतो.

जालनेकर:
स्टिक टीव्हीच्या यूएसबीवर चालवणाऱ्यांनी आधी सोबतचा चार्जर लावावा. बऱ्याच टीव्हींचा पोर्ट अर्धाच अँपिअर देतो, मग स्टिक मधीच बंद होऊन चालू होते.

गोदाकाठ:
फ्रेमचं राहू द्या, दुकानवाल्यांबद्दल कुणी बोलंना. ताईच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट एकाकडं दिली, त्यानं डीव्हीडी केली. पुढं दुसऱ्यानं त्याची पेनड्राइव्हवर "एचडी" केली. आता अक्षता टाकणाऱ्या प्रत्येक हाताला कंगव्यासारखे दाते दिसायलेत. आमचे दादा त्यात दोन-चार सेकंदच आहेत, तांदूळ टाकतात अन् डोळे पुसतात. आई तेवढंच बघते. कॅसेट परत मागितली तर पहिला म्हणला, फेकून दिली.

बीडकर:
कॅसेटला बुरशी लागते, धरून काय करणार? एकदा डिजिटल झालं की फेकलेलीच बरी.

गोदाकाठ:
फेकलेली बरी? तुमच्या घरचं माणूस त्यात असतं तर असं बोलला असता का? वस्तू आमची, फेकायचा हक्क त्याला कुणी दिला?

बीडकर:
ताई, मी तुमच्या दादांबद्दल बोललो नाही. आमच्या चार कॅसेटी पत्र्याच्या खोलीत, उन्हाळ्यात वाया गेल्या, त्यावरून बोललो. न विचारता फेकायला नको होती, ते खरं.

परभणीकर:
बीडकर, ठेवायची तर नीट ठेवायची, फेकायची कामून? ताई, व्हीएचएसमध्ये सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात, एकाआड एक रेषांची. दुसऱ्यानं ती नीट न जोडता ताणून मोठी केली, म्हणून दाते कायमचे छापले गेले. आता कुठल्याच प्लेअरनं जाणार नाहीत. पहिली डीव्हीडी घरात आहे का? त्यात ५७६ रेषांचं चित्र तसंच असंल. रेषा जोडायचं काम, म्हणजे डीइंटरलेस, प्लेअरला करू द्या.

जालनेकर:
अन् पेनड्राइव्हचा फॉरमॅट फॅट-३२ असंल तर ४ जीबीच्या वरची फाईल त्यावर बसतच नाही. लग्नाचे तुकडे होतात ते त्यामुळं. फॉरमॅट एक्सफॅट करा (त्यानं पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, आधी उतरवून ठेवा), पण आधी प्लेअर ते वाचतो का बघा.

लातूरवाला:
परभणीकर, कोडीतलं सेटिंग चालू केलं. भावाच्या वरातीतला घोडा सरळ चालायलाय, तेवढं कबूल. पण स्टिक, अडॅप्टर, वर हार्डडिस्क लावायला हब, बेरीज करा. बॉक्सच्या जवळच जाते. ते तुम्ही बी कबूल करा.

परभणीकर:
हार्डडिस्क लावायची असंल तर जाते. मोबाईलच्या व्हिडिओपुरतं नाही जात.

गोदाकाठ:
डीव्हीडी सापडली, पण लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. कुणाकडं आहे का?

जालनेकर:
माझ्याकडं आहे, यूएसबीचा. जालन्याला आलात तर घेऊन या. डीव्हीडीतल्या व्हिडिओच्या व्हीओबी फाईली आहेत तशाच उतरवून देतो, कन्व्हर्ट काहीच करायचं नाही. डिस्क तुमच्यासमोरच परत.