दुसऱ्या शहराचा फुटबॉल संघ उचलून पुण्यात आणला, तर तुम्ही बालेवाडीच्या स्टेडियमला जाल का?

नारिंगी_मफलर

परवा बाणेरला खेळून झाल्यावर चहा घेताना आमच्यात चांगलीच जुंपली. मित्राचं म्हणणं होतं, इंडियन सुपर लीगमधला एखादा संघ आज ना उद्या गाशा गुंडाळून नवं शहर शोधणार, तेव्हा पुण्याने पहिला हात वर करावा. स्टेडियम आहे, पोरं आहेत, पैसेवालेही आहेत. मी म्हणालो, आणा, पण मी बघायला जाणार नाही. त्याला ते फार लागलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

मी एफसी पुणे सिटीचा, सुपर लीगमधल्या पुण्याच्या संघाचा, चाहता. २०१४ मध्ये फ्रान्सचा त्रेझेगे आमच्याकडे आला तेव्हापासूनचा. ७ मार्च २०१८ ला बंगळुरूविरुद्धची उपांत्य फेरी बालेवाडीत गोलशून्य सुटली, त्या रात्री घसा बसलेला असतानाही आम्ही पार्किंगमध्ये तासभर उभे होतो, कारण वाटत होतं की हे आता जमणार. चार दिवसांनी बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर त्यांच्या सुनील छेत्रीने तीन गोल मारले आणि ३-१ ने संपलं. तरी पुढच्या वर्षी आम्ही परत गेलोच. हरल्यामुळे कुणी आपला संघ सोडत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कळलं की आता संघ नाही, त्या जागी हैदराबाद एफसी खेळणार. मार्सेलिनो, ज्याच्या नावाने आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडायचो, तो दोन-तीन महिन्यांत पिवळ्या जर्सीत टीव्हीवर दिसला. तीन वर्षांत, २० मार्च २०२२ ला, त्या हैदराबादने गोव्यात फातोर्ड्याला केरळच्या संघाला पेनल्टींवर हरवून लीग जिंकली. आणि २०२५ मध्ये तोच संघ दिल्लीला गेला, नाव झालं स्पोर्टिंग क्लब दिल्ली. गंमत म्हणून नाही सांगत, पण याच दिल्लीचा जुना संघ डायनामोज २०१९ मध्येच भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला होता.

आता जो संघ पुण्यात येईल तो कुठल्या तरी गावातून उठूनच येणार ना? तिथे माझ्यासारखाच कुणीतरी मफलर घडी करून कपाटात ठेवेल. त्याच्या घरातून उचललेलं सामान मी माझ्या घरात कसं मांडू? मला नाही जमणार.

फाट्याजवळची_आई

तुमचं दुःख खोटं नाही. पण माझा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. पुण्याचा संघ गेला तेव्हा तो सहाचा होता, त्याला काहीही आठवत नाही. आठवड्यातून चार दिवस तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या टर्फवर खेळतो. जन्म पुण्याचा, जर्सी मँचेस्टरची. आपल्या शहराचा संघ म्हणजे काय असतं, हे त्याला माहीतच नाही.

आमच्या घराच्या गच्चीवरून बालेवाडीच्या स्टेडियमचे दिवे दिसतात. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी बांधलेलं एवढं मोठं संकुल, २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा तिथेच झाल्या. फुटबॉलची मोठी रात्र मात्र आता नाही. आशिक कुरुनियन केरळच्या मलप्पुरमहून पुण्याच्या अकादमीत आला आणि पुढे भारतासाठी खेळला. म्हणजे केरळचं पोर पुण्यात येऊन घडलं. माझ्या मुलाला आज त्यासाठी पुणं सोडावं लागेल. संघ कुठून आला, हे मी विचारणार नाही. तो इथल्या मुलांना आत घेतो का, एवढंच विचारीन.

खडकीचा_स्टॉपर

नारिंगी मफलर, राग मानू नका, पण एक प्रश्न २०१४ पासून मनात आहे, तो आज विचारतो. तुम्ही पुणे सिटीची नारिंगी जर्सी घातलीत तेव्हा पुण्यात संघ नव्हता का?

पुणे एफसी होता. २००७ मध्ये सुरू झालेला. दुसऱ्या डिव्हिजनमधून वर आला आणि आय-लीगच्या, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मुख्य लीगच्या, आपल्या पहिल्याच हंगामात, २००९-१० ला, तिसरा. २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरा. मामुर्डीला स्वतःची अकादमी. आम्ही दुपारच्या उन्हात बालेवाडीला जायचो, सिनेमातलं कुणी नसायचं, फटाके नसायचे. समोरच्या स्टँडमध्ये कोण कोण आलंय ते नावानिशी ओळखू यायचं, इतके कमी असायचो. पण होतो.

मग सुपर लीग आली आणि त्याच मैदानावर दुसरा संघ, दिव्यांच्या उजेडात. २०१४-१५ च्या हंगामात तर भारत एफसी धरून पुण्यात तीन व्यावसायिक संघ होते. मुंबईत नव्हते इतके! २०१५ मध्ये पुणे एफसीने मोठा संघ बंद केला. भारत एफसी एकाच हंगामात संपला. आमची अकादमी तुमच्या संघाकडे गेली. ज्या आशिकचं नाव ताईंनी घेतलं, तो मुळात आमच्याच अकादमीतला.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी म्हणालं होतं का, की दुसऱ्याच्या घरातलं सामान आहे, आम्हाला नको?

नारिंगी_मफलर

नाही म्हणालो. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, पुणे एफसीचा एकही सामना पाहिलेला नव्हता. माहीत होतं, पण पाहिलं नव्हतं. तुमचं म्हणणं मला मान्य आहे आणि ते मान्य करताना बरं वाटत नाहीये.

पण त्यातून काय निघतं? आम्ही एकदा चुकलो म्हणून आता दुसऱ्या शहरातल्या लोकांच्या बाबतीत तीच चूक करायची?

गच्चीबावलीचा_पुणेकर

मी मूळचा कोथरूडचा, २०१७ पासून नोकरीसाठी हैदराबादला. म्हणजे माझा संघ माझ्या मागोमाग इथे आला असं म्हणा. पहिल्या सामन्याला गच्चीबावलीच्या स्टेडियममध्ये जाताना मला चोरी केल्यासारखं वाटलं होतं. पुण्यातल्या मित्रांना फोटो पाठवला नाही.

पहिल्या वर्षी आम्ही तळाला. मग करोना आला, दोन हंगाम सगळे सामने गोव्यात. मानोलो मार्केझ प्रशिक्षक झाले आणि पोरं अशी काही खेळायला लागली की मी नकळत ‘आपण’ म्हणायला लागलो. २०२२ ला जिंकलो तेव्हा शेजारच्या तेलुगू कुटुंबाबरोबर रस्त्यावर नाचलो. म्हणून सांगतो, दुसरीकडून आलेल्या संघावर प्रेम बसतं. खरं प्रेम बसतं. मफलरभाऊ, तुम्हालाही बसेल.

आणि म्हणूनच सांगतो, नको आणू. ज्या हंगामात आम्ही जिंकलो, त्या हंगामाचा एकही सामना हैदराबादच्या लोकांना आपल्या मैदानावर बघता आला नाही. पुढे पैशाची ओढाताण सुरू झाली. २०२३-२४ मध्ये परदेशी खेळाडू निघून गेले, उरलेली कोवळी पोरं दर आठवड्याला मार खात होती. अख्ख्या हंगामात आठ गुण. आम्ही तरी जात होतो. मग मालक बदलले, मग शहर बदललं. जो संघ एकदा जागेवरून हलला, त्याला हलायची सवय लागते. मुळं धरायच्या आत उपटतात.

जमाखर्च

भावना बाजूला ठेवून दोन गोष्टी नीट करून घेऊ, कारण वर थोडी सरमिसळ झाली आहे.

पुणे सिटी हैदराबादला ‘गेला’ नाही. तो बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा नव्या मालकांना मिळाली. डायनामोजचं तसं नाही, त्याच मालकाने तोच संघ उचलून ओडिशाला नेला. हैदराबाद-दिल्लीच्या वेळी मालक आधी बदलले, शहर नंतर. तिन्ही प्रकरणं वेगळी, चाहत्याला होणारा त्रास तेवढा सारखा.

दुसरं. संघ हलला नाही तर काय होतं, हेही बघा. महिंद्रा युनायटेडने राष्ट्रीय लीग जिंकली होती, २०१० मध्ये बंद. फगवाड्याचा जेसीटी तर पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता, २०११ मध्ये बंद. त्यांना दुसऱ्या गावाने हाक मारली असती तर वीस-पंचवीस खेळाडू, प्रशिक्षक, माळी, किटमन यांच्या चुली चालू राहिल्या असत्या. स्टँडमधल्या आपल्या दुःखाबद्दल आपण बोलतो, या माणसांबद्दल कुणी बोलत नाही. बुडणारा संघ पुण्यात तगणार असेल तर त्याला घ्यावं, असं माझं स्वच्छ मत आहे. त्या गावावर तो अन्याय नाही. तिथे तो तसाही बुडणारच होता.

शिवाजी_पेठ_कोल्हापूर

तुमी पुण्याची मंडळी संघ कुठनं आणायचा यावर भांडायलाय, आमच्याकडं या म्हणावं एकदा. शाहू स्टेडियमला पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना लागला की बघा. टीव्ही नाही, लिलाव नाही, परदेशी तारे नाहीत. तरी पब्लिक दुपारपासनं जागा धरून बसतंय. का, तर संघ तालमीचा, तालीम पेठेची. दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, एकेक नाव म्हंजे एकेक गल्ली हाय. पाटाकडील तालीम उद्या सांगलीला न्यायची म्हटलं तर नेणार कशी? गल्ली उचलून नेता येती व्हय?

आणि एक सांगतो, तुमच्या त्या हैदराबादच्या विजेत्या संघात आमचा अनिकेत जाधव होता. कोल्हापूरचा पोरगा, तुमच्या बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला, २०१७ ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडनं खेळला. पोरगं कोल्हापूरचं, शाळा पुण्याची, कप हैदराबादचा. माझं म्हणणं एवढंच, संघ उचलून आणायचाच असंल तर जिथं माणसं हायेत तिथं आणा. कोल्हापुरात आणा. स्टँड भरायची जबाबदारी आमची.

जमाखर्च

स्टँड भराल याबद्दल शंका नाही. पण पेठेचा पाटाकडील सोडून कोल्हापूरकर एखाद्या कंपनीच्या संघासाठी तेवढाच ओरडेल का? तुमचाच मुद्दा तुमच्या विरुद्ध जातोय.

शिवाजी_पेठ_कोल्हापूर

हे बरोबर बोललासा. विचार करायला लागंल.

जिल्हा_लीग_८_नंबर

मी पुण्यात एसएसपीएमएस शाळेच्या मैदानावर जिल्हा लीग खेळतो. बघायला येणारे म्हणजे दुसऱ्या सामन्याचे खेळाडू आणि कुणाचे तरी वडील. मला उचलून आणलेला संघ नको, आणि कारण चाहत्यांच्या दुःखापेक्षा वेगळं आहे.

लंडनच्या विम्बल्डन या फुटबॉल क्लबचं उदाहरण घ्या. २००२ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने नेमलेल्या समितीने त्या क्लबला दुसऱ्या शहरात, मिल्टन कीन्सला जायची परवानगी दिली. चाहत्यांनी त्याच उन्हाळ्यात सार्वजनिक मैदानावर चाचणी घेऊन स्वतःचा क्लब काढला, लीगच्या उतरंडीत नवव्या पायरीवरून सुरुवात केली, नऊ हंगामांत पाच वेळा बढती मिळवून २०११ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये आले. २०२० मध्ये प्लाउ लेनला, आपल्या जुन्या वस्तीत परतले. पूर्वी आपल्याकडे हे शक्यच नव्हतं, वर जायची शिडीच नव्हती. आता आहे. पंजाब एफसी २०२३ मध्ये आय-लीग जिंकून सुपर लीगमध्ये वर आला, पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहमेडन. पैसे देऊन जागा विकत न घेता वर जाता येतं.

पुण्यात जो पैसेवाला तयार संघ विकत आणेल, तो खाली एक रुपया टाकणार नाही. त्याला गरजच काय? जो खालून सुरू करेल, त्याला आमच्या लीगमधून पोरं शोधावी लागतील. ताई, तुमच्या मुलाला आत घेणारा संघ हा दुसरा असेल.

फाट्याजवळची_आई

नऊ हंगाम म्हणालात. आज सुरू केलं तरी मुलगा बावीसचा होईल. आणि विम्बल्डनला मागे शंभर वर्षांचा क्लब होता, वस्ती होती. आपल्याकडे तुमच्याच मैदानावर कुणाचे तरी वडील असतात. शिडी आहे हे पटतं, पण ती लावायला भिंत कुठे आहे? मुलांचं वय थांबत नाही हो. तुम्ही सगळे तत्त्वाचं बोलताय, मी पुढच्या जूनचं बोलतेय.

खडकीचा_स्टॉपर

ताईंचं हे खरं आहे. आमच्या वेळीही खालून वर आलेलाच संघ होता, दुसऱ्या डिव्हिजनमधून आलेला. शहराने काय केलं त्याचं? दुपारचा सामना म्हणून गेलं नाही, बालेवाडी लांब म्हणून गेलं नाही. आता हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचा मार्ग त्याच बाजूने जातो, तेव्हा लांबचं कारण निदान सांगता येणार नाही. पण मला भीती मालकांची नाही, आपली वाटते. उचलून आणा नाहीतर पेरून उगवा, तिसऱ्या हंगामात सलग पाच सामने हरल्यावर किती जण तिथे असतील?

नारिंगी_मफलर

मी होतो. तिसऱ्यातही, पाचव्यातही. माझ्याबरोबर ढोल वाजवणारे सगळे होते. तेवढं श्रेय आम्हाला द्या.

खडकीचा_स्टॉपर

दिलं. मनापासून दिलं.

फाट्याजवळची_आई

गच्चीबावलीकर, तुम्हाला एक विचारायचं राहिलं. संघ दिल्लीला गेल्यावर तुम्ही त्याचे सामने बघता का?

गच्चीबावलीचा_पुणेकर

एकदा लावला. मुलगी शेजारी होती, तिने विचारलं, आपले कुठले? मी पडद्यावरची नावं वाचत बसलो, कुणी ओळखीचं दिसतंय का बघत. तिला उत्तर दिलं नाही. पण सामना बंदही केला नाही, शेवटपर्यंत बघितला.