पुस्तकातली वीस मिनिटे स्वयंपाकघरात पन्नास का होतात?

प्रश्न

झटपट आणि पौष्टिक पाककृतींच्या एका पुस्तकातूनच महिनाभर रोज रात्रीचे जेवण करायचे असे मी ठरवले आहे. आज नववा दिवस आहे. जेवण चवीला चांगले होते आहे आणि बाहेरून मागवणे पूर्ण थांबले आहे, याचे मला समाधान आहे. परंतु ज्या पाककृतीवर वीस मिनिटे असे छापलेले असते, तिला मला पन्नास मिनिटे लागतात. काल मसूर आणि पालकाचे सूप करताना मी मुद्दाम घड्याळ पाहिले. दोन कांदे, तीन गाजरे आणि पालकाची जुडी निवडून, धुऊन, चिरून होईपर्यंत पंचवीस मिनिटे उलटली होती आणि शेगडी अजून पेटायचीच होती. शिवाय प्रत्येक पदार्थासाठी काहीतरी नवीन आणावे लागते, त्यातले दोन चमचे वापरले जातात आणि बाकीचे फ्रीजमध्ये पडून राहते. माझा हात संथ आहे की पुस्तकातल्या वेळाच खऱ्या नसतात? आणि दिवसभराच्या कामाने थकलेले असताना उरलेले एकवीस दिवस कसे पार पाडावेत?

उत्तर १

तुमचा हात संथ नाही. पाककृतीचे साहित्य एकदा नीट वाचून पाहा. ‘दोन कांदे, बारीक चिरलेले’, ‘पालक, धुऊन निथळलेला’ असे तिथे लिहिलेले असते आणि वेळेची मोजणी बहुधा त्यानंतरच्या पहिल्या पायरीपासून सुरू होते, त्यामुळे चिरणे, निवडणे आणि पाणी उकळेपर्यंत थांबणे ही कामे हिशेबात येतच नाहीत. कांद्याच्या बाबतीत तर मला पुस्तकांचा खरोखर राग येतो. कांदा मऊ आणि पारदर्शक व्हायला सात-आठ मिनिटे पुरतात, पण गडद तपकिरी आणि गोडसर व्हायला मंद आचेवर अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो, आणि तो दहा मिनिटांत होईल असे सर्रास छापले जाते. घाईने आच वाढवली, तर कांदा कडेने करपतो आणि आतून कच्चा राहतो.

दुसरी चूक घाईतच होते. वेळ वाचावा म्हणून आपण सगळी भाजी एकाच वेळी पॅनमध्ये टाकतो. भाजीतून सुटलेले पाणी उडून जाईपर्यंत पॅनचे तापमान शंभर अंशांच्या आसपासच अडकून राहते आणि भाजी परतली न जाता उकडली जाते. दोन भागांत परतलेली भाजी लवकर होते आणि तिला रंगही येतो.

सुरीला धार लावून घ्या. शिवाय सगळे आधी चिरून ठेवण्याचा आग्रह धरू नका: मसूर शिजायला टाकून मग पालक निवडायला घेतला, तर तुमच्या कालच्या पंचवीस मिनिटांतली निम्मी तरी वाचली असती.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु मला खरी अडचण वेळेपेक्षा योजनेत दिसते. तीस दिवसांत तीस नवे पदार्थ केले, तर प्रत्येक संध्याकाळी आपण नवशिकेच राहतो. आतापर्यंत केलेल्या नऊ पदार्थांपैकी जे पुन्हा खावेसे वाटतात आणि ज्यांचे साहित्य एकमेकांशी जुळते, असे सात निवडा आणि उरलेल्या एकवीस दिवसांत प्रत्येक तीनदा करा. तिसऱ्या वेळी पुस्तक उघडावे लागत नाही, आणि अर्धवट उरलेल्या वस्तूही आपोआप संपतात. पानाच्या कडेला पेन्सिलीने स्वतःला लागलेली वेळ लिहून ठेवा. माझ्या पुस्तकात जवळजवळ प्रत्येक छापील आकडा मी असा दुरुस्त केला आहे आणि आता थकलेल्या दिवशी मी त्या पेन्सिलीच्या आकड्यावर विसंबून निर्णय घेतो.

एका महिन्यात सवय अंगवळणी पडली नाही, तर निराश होऊ नये. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील संशोधकांनी सवयींवर केलेल्या एका अभ्यासात नवी कृती सहज घडू लागायला सरासरी 66 दिवस लागल्याचे आढळले होते, आणि माणसामाणसांत हा कालावधी 18 ते 254 दिवस इतका वेगळा होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हेही त्याच अभ्यासात दिसले.

उत्तर ३

‘पौष्टिक’ या शब्दाकडेही लक्ष द्यावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. झटपट पाककृतींमध्ये चव बऱ्याचदा बाटलीतल्या सॉसमधून किंवा सूपच्या तयार वड्यांमधून येते, आणि त्यांत मीठ भरपूर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका सपाट चहाच्या चमच्याहून थोडे कमी मीठ खावे. तयार सॉस घातला असेल, तर वरून मीठ घालण्याआधी चव पाहा. शेवटी लिंबू पिळले, तर कमी मीठही पुरते, आणि त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळी-पालेभाज्यांतले लोह शरीरात अधिक शोषले जाते.

दोन दिवसांचे एकदम शिजवून ठेवणार असाल, तर शिजलेला भात ओट्यावर तसाच राहू देऊ नका. तो पसरट भांड्यात काढून लवकर निववा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, कारण भातात टिकून राहिलेल्या एका जिवाणूचे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. सुका राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात खळखळून उकळून पूर्ण शिजवावा. अर्धकच्च्या राजम्याने उलट्या होतात. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तो थेट शिजवू नये, कारण तिथे पुरेसे तापमान येतेच असे नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल तेच सूप पुन्हा केले. मसूर आणि गाजर आधी चढवले, ते शिजत असताना पालक निवडला, मीठ निम्मे घातले आणि वरून लिंबू पिळले. एकूण चौतीस मिनिटे लागली, आणि पानावरच्या वीसच्या शेजारी मी पेन्सिलीने 34 लिहिले आहे. सातपैकी पाच पदार्थ ठरले आहेत. उरलेले दोन असे हवे आहेत ज्यांत पालक निवडण्याइतकेही काम नसेल. कोणी कडधान्यांचे असे काही करत असेल, तर खरी लागणारी वेळ धरून जरूर सांगावे.