स्मॉल सेल लंग कॅन्सर: केमो आणि रेडिएशन एकत्र घ्यावं का?

वारणाकाठ:
नमस्कार. बाबांना (वय ६२) उजव्या फुफ्फुसात स्मॉल सेल कॅन्सर निघालाय. पेट स्कॅन, मेंदूचा एमआरआय झाला. आजार छातीपुरताच, म्हणजे लिमिटेड स्टेज आहे. डॉक्टर सिस्प्लॅटिन-इटोपोसाइड या केमोच्या औषधांच्या ४ सायकल (फेऱ्या) आणि सोबतच रेडिएशन सांगताहेत. काका-आत्या मात्र अडून बसलेत: आधी केमो होऊ दे, अंगात ताकद आली की मग शेक (रेडिएशन) देऊ. कोणाच्या घरी एकत्र उपचार झालेत का? आम्ही सांगलीचे, मुंबईला यायची तयारी आहे.

किरणोत्सर्ग:
ताई, मी रेडिएशन विभागातच काम करते. काकांना समजावून सांगा, पण ठाम राहा. हा आजार झपाट्याने वाढतो, थांबण्यात वेळ जातो तो त्याच्या पथ्यावर पडतो. केमोने गाठ पटकन आक्रसते, म्हणून घरच्यांना वाटतं काम झालं. पण उरलेल्या पेशी बऱ्याचदा छातीतच पुन्हा डोकं वर काढतात. सिस्प्लॅटिन चालू असताना रेडिएशनचा मारा त्यांच्यावर जास्त लागू पडतो. म्हणून तब्येत झेपत असेल तर पहिल्या किंवा दुसऱ्या सायकलबरोबरच ते सुरू करतात.

किती द्यायचं हे नक्की विचारा. १९९९च्या अमेरिकेतल्या अभ्यासात केमोसोबत दिवसातून दोनदा, ३ आठवड्यांत ४५ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) घेतलेल्यांपैकी २६ टक्के रुग्ण ५ वर्षांनी हयात होते. तेवढाच डोस रोज एकदा घेतलेल्यांत १६ टक्के. पुढे २०१७च्या कॉन्व्हर्ट अभ्यासात रोज एकदा, पण ६६ ग्रे दिलं, तेव्हा निकाल दिवसातून दोनदा ४५ ग्रे घेणाऱ्यांच्या जवळपास सारखेच आले. दोनदा घ्यायचं तर मध्ये किमान ६ तास जावे लागतात, म्हणून राहायची सोय जवळच हवी. टाटाला येणार असाल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा.

क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल किंवा कानाला कमी ऐकू येत असेल तर आधीच सांगा, सिस्प्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिनचा विचार होतो. फार अशक्त असतील तर एकामागोमाग उपचारही करतात, पण ते डॉक्टरांनी ठरवावं, नातेवाइकांनी नव्हे.

माईची_लेक:
आईचं एकत्रच झालं. सगळ्यात अवघड गिळणं. अन्ननलिका सोलवटते, पाण्याचा घोटही टोचतो. जेवणाआधी सुन्न करणारं औषध द्यायचे, मग गार, मिक्सरमधून काढलेला मऊ वरणभात, नाचणीची आंबील, अंडं. तिखट, आंबट, गरम पूर्ण बंद. वजन दर आठवड्याला लिहून ठेवा आणि आहारतज्ज्ञांना आधीच भेटा. ताप १०० च्या वर गेला तर रात्र असली तरी दवाखाना गाठा, पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. आणि विडी-सिगारेट आजपासून बंद!

वारणाकाठ:
खूप आभार. मेंदूलाही रेडिएशन देतात म्हणे?

किरणोत्सर्ग:
हो, छातीतला आजार आटोक्यात आल्यावर, मेंदूत पसरू नये म्हणून. काही जण त्याऐवजी ठरावीक अंतराने एमआरआय करून लक्ष ठेवतात. मेंदूच्या रेडिएशनने स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून बाबांना समोर बसवूनच विचारा. ड्युरव्हॅल्युमॅब या इम्युनोथेरपीबद्दलही (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) बोला. केमो-रेडिएशननंतर ती दिल्यास आयुष्य वाढतं हे २०२४च्या अभ्यासात दिसलं. ती फार महाग आहे, त्यामुळे रुग्णालयातल्या समाजसेवकांना पहिल्याच दिवशी भेटा. महात्मा फुले योजनेत काय बसतं आणि काय नाही ते त्यांच्याकडूनच कळेल.