आउटडोअर युनिट हलवल्यानंतर एसीचा कॉम्प्रेसर सुरू होत नाही

मांजलपूरकर:
नमस्कार. आमच्या बडोद्याच्या फ्लॅटमध्ये गॅलरीचे काम काढले होते. कंत्राटदाराने प्लास्टरसाठी दीड टनाच्या एसीचे (इन्व्हर्टर नसलेला, आर-३२ गॅस) आउटडोअर युनिट उतरवून दुसऱ्या भिंतीवर बसवले आणि त्याच्याच वायरमनने एसीचा पॉइंटही सरकवला. तेव्हापासून बाहेरचा पंखा फिरतो, पण कॉम्प्रेसर काही क्षण घुमतो आणि ‘टक्’ आवाज करून थांबतो. मेकॅनिकने मीटर लावून वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तुटल्याचे सांगितले व नवा कॉम्प्रेसर सुचवला. खर्चात पडण्यापूर्वी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जुना वायरमन:
मोजणी केव्हा झाली, हे आधी विचारा. कॉम्प्रेसरला कॉमन, रन आणि स्टार्ट अशी तीन टर्मिनल असतात. पुष्कळ कॉम्प्रेसरमध्ये ओव्हरलोड (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) कवचाच्या आतच, कॉमन टर्मिनलच्या मार्गात असतो. वारंवार सुरू करण्याच्या प्रयत्नात तो तापून उघडला, की कॉमनपासून रन आणि स्टार्ट या दोन्हींकडे मीटर काहीच दाखवत नाही, आणि घाईत वाइंडिंग तुटल्याचा निकाल दिला जातो. त्याच वेळी रन व स्टार्ट यांच्यात रीडिंग मिळत असेल, तर वाइंडिंग शाबूत असण्याचीच शक्यता अधिक. बडोद्याच्या उन्हाळ्यात कवच निवायला काही तास सहज लागतात. निवल्यावर पुन्हा मोजावे: रन-स्टार्टचे रीडिंग कॉमन-रन व कॉमन-स्टार्ट या दोन रीडिंगच्या बेरजेइतके यावे आणि बॉडीशी कुठेही संपर्क दिसू नये.

हे जुळले, तर संशय कपॅसिटरवर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा भाग) आणि सरकवलेल्या पॉइंटवर. वायरमनने साध्या प्लगच्या दीड एमएम वायरवरून लाइन ओढली असेल, तर कॉम्प्रेसर उचलताना व्होल्टेज कोसळणारच. मेन बंद करून व कपॅसिटर डिस्चार्ज करूनच हात लावावा.

अलकापुरीचा वाचक:
वरील मताशी सहमत आहे. पण काढताना गॅस युनिटमध्ये गोळा केला असेल, तर बसवल्यावर दोन्ही व्हॉल्व्ह ॲलन-कीने पूर्ण उघडले होते का, हेही पाहावे. फ्लेअर नटभोवती (पाइपच्या जोडावरचा नट) तेलाचा ओलसर डाग दिसला, तर तिथे गळती समजावी. व्हॅक्यूम पंप लावला नसेल, तर पाइपमध्ये राहिलेल्या हवेने दाब वाढतो. आर-३२ काही प्रमाणात ज्वलनशील आहे, त्यामुळे गळती साबणाच्या फेसाने शोधावी, काडी पेटवून नव्हे!

मांजलपूरकर:
आभारी आहे. सकाळी कॉम्प्रेसर गार असताना दुसऱ्या मेकॅनिककडून मोजून घेतले. वाइंडिंग बरोबर निघाले. मात्र कॉम्प्रेसर सुरू करताना पॉइंटवर व्होल्टेज १७० च्या आसपास उतरते, आणि लाइन खरोखरच हॉलच्या प्लगवरून घेतलेली आहे. एमसीबीपासून चार एमएमची स्वतंत्र वायर टाकायला सांगितली आहे.

जुना वायरमन:
योग्य केलेत. कपॅसिटरही मोजून घ्या. छापील आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक घसरलेला असेल, तर बदलावा. वायरचे बिल कंत्राटदाराला दाखवायला हरकत नाही.